फातोर्ड्याची हुकणारी गदा

कुंडलच्या कुस्ती मैदानात लहानपणापासून बसलेल्या माणसाला निकाली कुस्तीचे वेड असते. हलगी कडाडते, सलामी होते, खडाखडी सुरू होते आणि मग एकाची पाठ मातीला लागेपर्यंत बघणाऱ्याचा जीव थाऱ्यावर नसतो. वेळ संपत आली आणि पंचांनी कुस्ती गुणांवर लावली, की गर्दीतून नाराजीचा सूर उमटतो. बरोबरीत सोडवली तर हुर्यो ठरलेलीच. गुणांची कुस्ती ही आमच्याकडे कुस्तीच नव्हे! औंध संस्थानच्या या जुन्या मुलखात व्यायामाला राजाश्रय होता, सूर्यनमस्कार घालणारा राजा होता आणि मल्ल पोसणारी गावे होती. त्या परंपरेने आम्हाला चितपटीचे कौतुक करायला शिकवले. पुढे असताना थांबावे, वेळ काढावा, मिळालेले सांभाळावे, हे मात्र तिने फारसे शिकवले नाही.

हे सारे आज आठवण्याचे कारण कुस्ती नसून फुटबॉल आहे. सांगली जिल्ह्यातील वाचकाला फुटबॉल अगदीच परका नाही. पलीकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा ओस पडतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पण मला आज लिहायचे आहे ते गोव्याच्या संघाविषयी. माझा एक भाचा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. मडगावात राहतो आणि फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर एफसी गोवाचा सामना असला की सहसा चुकवत नाही. २४ एप्रिल २०२४ च्या रात्री त्याचा फोन आला तेव्हा घरात काही अशुभ घडले की काय, अशी शंका यावी असा त्याचा आवाज होता. “मामा, नव्वद मिनिटं आपण जिंकत होतो,” एवढेच तो दोनदा म्हणाला.

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा तो पहिला सामना. प्रतिस्पर्धी मुंबई सिटी. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांनी गोवा २-० असा पुढे होता. घड्याळात नव्वदावे मिनिट लागले आणि लालिनझुआला छांगटेने एक गोल फेडला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली. भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. २-३! पाच दिवसांनी मुंबईत झालेला परतीचा सामना गोवा २-० ने हरला आणि वर्षभराचा खेळ तेथे संपला.

एकदा घडले असते तर दैवाला बोल लावून विषय सोडून देता आला असता. परंतु या क्लबचा इतिहास चाळला की मन थबकते. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत या लीगचे अकरा हंगाम झाले. त्यांपैकी आठ हंगामांत गोव्याने उपांत्य फेरी गाठली. दोनदा अंतिम सामना खेळला. २०१५ साली साखळीत पहिला क्रमांक मिळवला. २०१९-२० मध्ये तर अठरा सामन्यांत ३९ गुण घेऊन साखळीविजेत्याची ढाल पटकावली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान घेतला. विजेतेपदाचा चषक मात्र या अकरा हंगामांत एकदाही फातोर्ड्याला आला नाही.

अशा वेळी आपल्याकडे एक ठराविक निदान तयार असते. “पोरांनी कच खाल्ली.” हॉकी असो, क्रिकेट असो, ऑलिम्पिक असो, शेवटच्या पायरीवर पाय घसरला की मनोधैर्याच्या नावाने खडे फोडायचे आणि मोकळे व्हायचे. प्रस्तुत लेखकानेही तारुण्यात असे पुष्कळ अग्रलेखी उसासे टाकले आहेत. आता वाटते, हे निदान आळशी आहे. ते काहीच सांगत नाही आणि खेळणाऱ्या मुलांना मात्र आयुष्यभराचा डाग लावून जाते.

प्रथम दैवाचा वाटा किती, तो पाहू. मी कला शाखेचा पदवीधर. त्यामुळे हिशेब आमच्याकडच्या एका गणिताच्या निवृत्त शिक्षकांकडून करून घेतला. उपांत्य फेरीत चार संघ असतात. चौघे तुल्यबळ धरले तर प्रत्येकाला चषक मिळण्याची शक्यता चारात एक. असे आठ वेळा घडूनही एकदाही चषक न मिळण्याची शक्यता किती? गुरुजींनी कागदावर आकडे मांडले आणि म्हणाले, “साधारण दहात एक.” म्हणजे हे अघटित खास नव्हे. दहा संघांनी असा प्रवास केला तर त्यांतला एक निव्वळ नशिबाने रिकाम्या हाताने परतेल. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या आठ वेळांपैकी सहा वेळा गोव्याला हरवणारा संघच त्या वर्षीचा विजेता ठरला. हे पराभव कोणा लिंबूटिंबू संघाने केलेले नाहीत.

तरीही नशिबाच्या माथी सगळे मारून माझे समाधान होत नाही. कारण या पराभवांची जातकुळी एक आहे. २० डिसेंबर २०१५ चा अंतिम सामना घ्या. स्थळ फातोर्डाच, समोर चेन्नईयिन. सत्त्याऐंशिव्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा २-१ असा पुढे गेला. अवघी तीन मिनिटे आणि थोडी भरपाई वेळ काढायची होती. नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या हातून स्वयंगोल झाला आणि लगेच मेंडोझाने विजयी गोल केला. स्वतःच्या अंगणात मांडलेला उत्सव पाहुण्यांनी साजरा केला. २०१८ च्या उपांत्य फेरीत चेन्नईत तीन-चार मिनिटांच्या अंतराने दोन गोल झाले आणि सामना हातून गेला. २०२० साली पुन्हा चेन्नई. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा आणि मग पंचवीस-सव्वीस मिनिटांत चार गोल! परतीच्या सामन्यात गोव्याने ४-२ असा विजय मिळवला, पण एकूण बेरीज ५-६ झाली. एका गोलाने घात केला. ६ एप्रिल २०२५ रोजी बेंगळुरूविरुद्ध पहिल्या सामन्यातली दोन गोलांची पिछाडी भरून काढण्यासाठी गोव्याने जिवाचे रान केले. अठ्ठ्याऐंशिव्या मिनिटाला सादिकूने गोल करून बेरीज बरोबरीत आणली. स्टेडियम दणाणून गेले. जादा वेळेला चारेक मिनिटे उरली होती आणि भरपाई वेळेत चाळिशीच्या सुनील छेत्रीने हेडरने गोल करून सगळे संपवले.

हे पराभव शांतपणे एकापुढे एक मांडले की दिसते ते असे, की संपूर्ण नव्वद मिनिटे मार खाऊन हा संघ क्वचितच हरला. तो हरला तो काही मिनिटांत. बहुतेक वेळा बरोबरीने किंवा वरचढ खेळत असताना मध्येच एक भगदाड पडते आणि ते बुजवायच्या आत दुसरा, तिसरा घाव बसतो. फुटबॉलमध्ये गोल होतच असतात. परंतु एक गोल झाल्यावर पुढची पाच मिनिटे खेळ गोठवायचा, चेंडू आपल्या पायाशी ठेवायचा, गरज पडली तर मैदानाबाहेर मारायचा, बुटाची नाडी बांधत बसायचे, हे शहाणपण दर वेळी कमी पडले.

याचे मूळ या संघाच्या बळातच आहे, असे मला वाटते. ब्राझीलचा थोर खेळाडू झिको पहिली तीन वर्षे गोव्याचा प्रशिक्षक होता. त्यानंतर २०१७ मध्ये स्पेनचा सेर्जिओ लोबेरा आला. दोघांचाही पिंड आक्रमणाचा. लोबेराच्या पहिल्या हंगामात एकट्या फेरान कोरोमिनासने १८ गोल केले. साखळीत हे तत्त्व सोन्यासारखे फळते. तुम्ही एका सामन्यात तीन खाल्ले तरी पुढच्या दोन सामन्यांत चार-चार घालता. वर्षाअखेरीस बेरीज तुमच्या बाजूने येते. साखळी ही शेतकऱ्याच्या वर्षासारखी असते. एक पाऊस चुकला तरी पीक हाती येते. बाद फेरीला मात्र वर्ष नसते. तिथे दोन संध्याकाळी असतात आणि त्या दोन संध्याकाळींत खाल्लेला तिसरा गोल पुढच्या आठवड्यात भरून काढता येत नाही.

भाच्याची ती हकीकत मी दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतील एका वृद्ध वस्तादांना सांगितली. फुटबॉलचे त्यांना काडीचे ज्ञान नाही. पण २-० पुढे असताना शेवटच्या घटकेला हरले म्हटल्यावर त्यांनी डोळे बारीक केले. “मॅटवर आपली पोरं अशीच हरत्यात,” ते म्हणाले. “गुणानं पुढं असतंय पोरगं, अर्धं मिनिट उरल्यालं असतंय, आन् हे ढाक लावाय जातंय. कशाला? कब्जा धरून बस की गप! पर मातीत त्येला कुणी बसाय शिकवलंच न्हाई.”

वस्तादांच्या या बोलण्याने मला जे सुचले ते इतकेच, की गोवा गुणांच्या परीक्षेला निकाली कुस्तीची तालीम करून जातो. नव्वदाव्या मिनिटाला २-० पुढे असणे म्हणजे सामना जवळजवळ जिंकलेला असणे. तेथे तिसरा गोल शोधण्यात पुरुषार्थ नाही. आम्हा कुंडलकरांना ते कळायला जड जाते, कारण आमचीही टाळी चितपटीलाच पडते. प्रेक्षक जे मागतो तेच मल्ल शिकतो. फातोर्ड्याचा प्रेक्षकही असाच रसिक आहे. चेंडू बाहेर मारून वेळ काढणाऱ्या बचावपटूला तिथे टाळ्या पडत नसाव्यात. भाच्याला विचारले, तर तो हसून म्हणाला, “मामा, आम्ही ओरडतो ते पुढे जा म्हणूनच.”

यावर कोणी विचारील, की या संघाला थोपवून धरता येतच नाही काय? येते. याचा पुरावा त्यांच्याच इतिहासात आहे आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. ८ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटीविरुद्धच्या उपांत्य फेरीत गोवा पेनल्टींवर ६-५ असा हरला. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १४ एप्रिलला, फातोर्ड्यावरच आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये तो कतारच्या अल रय्यानपुढे उभा राहिला. फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघातील लॉरां ब्लां त्या संघाचा प्रशिक्षक होता. सामना ०-० असा सुटला. पुढचा संयुक्त अरब अमिरातींच्या अल वहदाशी, तोही ०-०. हीच भूमी, हाच क्लब आणि बव्हंशी हेच खेळाडू! समोरचा आपल्याहून मोठा आहे हे ठाऊक होते, म्हणून दारे नीट लावून घेतली गेली. स्वदेशात मात्र आपण वरचढ आहोत ही जाणीव आड येते आणि वरचढ माणूस रात्री कडी लावायला विसरतो. शिवाय याच संघाने २०१९ आणि २०२५ मध्ये सुपर कप जिंकला, २०२१ मध्ये ड्युरँड चषक जिंकला. त्या सगळ्या स्पर्धांचा निकाल शेवटी बाद फेरीतच लागतो. मग कच खाण्याचा आरोप कुठे टिकतो?

दोष केवळ मैदानावरच्या अकरा जणांचा आहे असेही मी मानत नाही. येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची आठवण येणे अपरिहार्य आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, ते कांस्य. ते सुवर्णही असू शकले असते, ही हळहळ आपल्या भागात आजही ऐकू येते. जपानच्या इशीशी दीर्घ लढत झाल्यावर त्यांना विश्रांती न देता सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले आणि नियमानुसार मधली विश्रांती मागायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. मल्ल थकला होता हे खरे. परंतु आखाड्याबाहेर त्याचा माणूस नव्हता, हे अधिक खरे.

गोव्याच्या बाबतीत आखाड्याबाहेर काय घडले? २०१९-२० च्या हंगामात संघ साखळीत अग्रस्थानासाठी झुंजत होता. तीन सामने उरले असताना, जानेवारी संपता संपता, क्लबने लोबेराला निरोप दिला. कारणे काही का असेनात, वेळ कोणती साधली? क्लिफर्ड मिरांडा या गोमंतकीय माजी खेळाडूच्या हाती तात्पुरती धुरा आली. त्याने उरलेले तिन्ही सामने जिंकून दिले आणि जमशेदपूरचा ५-० असा फडशा पाडून ढालही आणली. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. परंतु पंधरा सामने एका हाताने बांधलेला संघ उपांत्य फेरीत दुसऱ्या हाती होता. चेन्नईतील ती भयंकर पंचवीस मिनिटे त्यानंतरचीच आहेत. एवढ्यावर हे थांबले नाही. त्याच वर्षी लोबेरा मुंबई सिटीत गेला. मुर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस आणि आपला मंदार राव देसाई हेही मुंबईत गेले. गोव्याच्या मातीत मळलेला हा संघ मुंबईच्या नावाने उभा राहिला आणि २०२०-२१ मध्ये त्याने ढाल आणि चषक दोन्ही जिंकले. वाटेत उपांत्य फेरीत हरवले कोणाला? गोव्याला! घरचे बी शेजाऱ्याच्या रानात उगवले म्हणतात ते याहून निराळे काय? त्याच लोबेराच्या, त्याच खेळाडूंच्या हातून चषक जिंकला गेला. म्हणजे बाद फेरी जिंकण्याची योग्यता त्या माणसांत होती. फक्त त्यांना एकत्र टिकवण्याचा धीर गोव्यात नव्हता.

थोडे विषयांतर करतो. २०१९ च्या अंतिम सामन्यात, मुंबईत, बेंगळुरूविरुद्ध जाहूला लाल कार्ड मिळाले आणि गोवा दहा जणांनिशी लढत राहिला. पेनल्टींना जेमतेम तीन-चार मिनिटे उरली असताना कॉर्नरवरून हेडर मारून बेंगळुरूला विजेते करणारा खेळाडू होता राहुल भेके, मुंबईचा मराठी मुलगा. गोव्याचे दुःख एका बाजूला आणि आपल्या पोराचा अभिमान दुसऱ्या बाजूला, अशी माझी त्या रात्री विचित्र अवस्था झाली होती. भाच्याला हे अजून सांगितलेले नाही.

इंग्लंड, स्पेन, इटलीत साखळीत पहिला येतो तोच विजेता. आपल्याकडे मात्र आरंभापासून साखळीनंतर बाद फेरी ठेवली गेली. दूरचित्रवाणीला अंतिम सामन्याचा थरार हवा असतो, त्याची ही सोय. माझ्या मते अठरा किंवा चोवीस सामन्यांची कमाई दोन संध्याकाळींच्या चषकाहून मोठी मानली पाहिजे आणि २०२० ची ती ढाल ज्या आदराने मिरवायला हवी होती त्या आदराने मिरवली गेली नाही. पण नियम सर्वांना सारखेच आहेत. ते मान्य करून मैदानात उतरल्यावर त्यांच्या नावाने रडण्यात अर्थ नाही. मुंबईने त्याच नियमांत जिंकून दाखवले.

गोव्याने काय करावे हे कुंडलमध्ये बसून सांगणे म्हणजे काठावरून पोहायला शिकवणे. तरीही वस्तादांच्या शब्दांत सांगायचे तर कब्जा धरून बसणारा एक माणूस त्या संघाच्या मधल्या फळीत हवा. शेवटच्या दहा मिनिटांत बाकीच्यांना मागे ओढणारा, चेंडू अडवून ठेवणारा, प्रसंगी प्रेक्षकांच्या शिव्या खाणारा असा तो असावा. त्याला वर्षभर तशी तालीम हवी. तशी वेळ साखळीत सहसा येत नाही, म्हणून ती मुद्दाम आणावी लागेल. आणि ज्याच्या हाती संघ घडला, त्याच्याच हाती तो शेवटच्या सामन्यापर्यंत राहू द्यावा. हे लिहिताना मला फारशी आशा आहे असे नव्हे.

भाचा यंदा मैदानाला कुंडलला येतो म्हणाला आहे. अल रय्यानविरुद्धच्या त्या कोऱ्या सामन्याची चित्रफीत त्याच्याकडे आहे. ती वस्तादांना दाखवायची असे आमचे ठरले आहे. नव्वद मिनिटे आणि एकही गोल नाही म्हटल्यावर वस्ताद कुरकुरतील, याची मला खात्री आहे.